शेतवस्तीवर रानचीं जनावरें पाहण्यासाठीं कॅमेरा कसा निवडावा?

राखण ही आपल्याकडे फार जुनी विद्या आहे. ज्वारी हुरड्यांत आली कीं माळा बांधावा, गोफण व पत्र्याचा डबा जवळ ठेवावा आणि रात्रभर अंधाराकडे कान लावून बसावें, हें आपल्या वडिलांनीं केलें व आपणहि केलें आहे. परंतु या राखणींत एक उणीव नेहमींच राहिली. माळ्यावरच्या माणसास आवाज ऐकूं येतो, जनावर दिसत नाहीं. आणि सकाळीं बांधावर जो माग सांपडतो तो निम्मा पुसलेला असतो. मग भुईमूग उकरला तो डुकरानें कीं साळिंदरानें, कोंबडी नेली ती बिबट्यानें कीं रानमांजरानें, याचा निर्णय अंदाजानें होतो; आणि अंदाज बहुधा भीतीच्या बाजूस झुकतो.

हल्लीं घराबाहेर लावावयाचे, तारेनें अगर बिनतारी पद्धतीनें जाळ्यास जोडलेले कॅमेरे तालुक्याच्या बाजारांतहि मिळतात. दुकानदार त्यांस आय्. पी. कॅमेरा किंवा नेटवर्क कॅमेरा म्हणतात. ते बहुतेक चोरासाठीं घेतले जातात. पण वस्तीभोंवतीं वावरणाऱ्या प्राण्यांची ओळख करून घेण्यासहि ते उपयोगी पडतात. मात्र चोरासाठीं योग्य असलेला कॅमेरा जनावरासाठीं योग्य असतोच असें नाहीं. पुष्कळ सभासदांनीं याबद्दल विचारणा केल्यावरून, व आम्हीं स्वतः एकदां पैसे वायां घालविले असल्यामुळें, निवड कशी करावी हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमची पहिली चूक

आमच्या वस्तीवरील कोंबड्या एकेक नाहींशा होऊं लागल्या, तेव्हां सर्वांनीं एकमुखानें बिबट्याचें नांव घेतलें. दिवे लागणीनंतर मुलांस ओट्याखालीं उतरूं देईनात. गडी पहांटे धारा काढावयास येईना. म्हणून आम्हीं बाजारांतील सर्वांत अधिक बिंदूंचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेंत सर्वांत ‘स्पष्ट’, कॅमेरा आणला व घराच्या वळचणीखालीं पंधरा फूट उंचीवर बसविला. महिनाभरांत त्यानें आम्हांस पाकोळ्या, कोळ्याचें जाळें व अंगणापलीकडे हलणारा एक पांढुरका ठिपका, एवढेंच दाखविलें. तो ठिपका आमचाच कुत्रा होता, हें आम्हांस त्याच्या भुंकण्यावरून समजलें. कॅमेरा वाईट नव्हता. तो आमच्या कामाचा नव्हता. काय पाहावयाचें, किती अंतरावरून, आणि कोणत्या उजेडांत, हे तीन प्रश्न आम्हीं पैसे दिल्यानंतर विचारले. ते आधीं विचारावयास पाहिजे होते.

कोणत्या जातीचा कॅमेरा?

जनावराचें चित्र जनावराच्याच पायानें काढून घेण्याची युक्ति नवी नाहीं. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानें १९२० नंतरच्या वर्षांत संयुक्त प्रांताच्या जंगलांत वाघाच्या वाटेवर तार ताणून रात्रीं अशीं चित्रें घेतलीं, व त्यांवरील त्याचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. आज वनखातें व अभ्यासक जे सांपळा-कॅमेरे झाडास बांधतात ते त्याच कल्पनेचे वंशज होत. ते बॅटरीवर चालतात, एरवीं निजून असतात व समोरून ऊब हलली कीं जागे होऊन चित्र घेतात. जेथें वीज नाहीं व घरापासून अंतर फार आहे, तेथें तेच घ्यावेत.

नेटवर्क कॅमेरा सतत जागा असतो. त्याचें चित्र घरांत किंवा हातांतील फोनवर त्याच क्षणीं दिसतें. मात्र त्यास अखंड वीज व चित्र वाहून नेण्याची सोय लागते. गोठा, खुराडें, विहीर, शेततळें, अंगणाशेजारची बाग अशा घरालगतच्या जागांसाठीं हा योग्य. ज्यास पहांटे गोठ्याकडे जाण्यापूर्वीं वाट मोकळी आहे कीं नाहीं हें पाहावयाचें आहे, त्यास हाच पाहिजे.

भिंगाचा हिशेब

ग्राहक बिंदूंची संख्या विचारतो व भिंगाकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक आधीं भिंग पाहावें. कॅमेऱ्यावर २.८, ४, ६, १२ असा मिलिमीटरचा आंकडा लिहिलेला असतो. आंकडा जितका लहान तितका देखावा रुंद, आणि त्यांतील जनावर तितकेंच लहान.

हिशेब शेतकऱ्यास अवघड नाहीं. सामान्य कॅमेऱ्यांतील चित्र टिपणारी पट्टी सुमारें ४.८ मिलिमीटर रुंद धरावी. जनावर जेथून जाईल तेथपर्यंतचें अंतर मीटरमध्यें मोजावें, त्यास ४.८ नें गुणावें व भिंगाच्या आंकड्यानें भागावें. येईल ती देखाव्याची रुंदी. १० मीटर अंतरावर ४ चें भिंग १२ मीटर रुंद पट्टा दाखवील. १२ चें भिंग अवघा ४ मीटर.

आतां बिंदूंकडे येऊं. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रांत आडवे १९२० बिंदु असतात. ते १२ मीटरवर पसरले तर मीटरास १६० बिंदु येतात. ४ मीटरवर पसरले तर ४८०. शेपटी वगळून हातभर लांबीचें मुंगूस पहिल्या चित्रांत सत्तर-पंचाहत्तर बिंदूंचें होईल, दुसऱ्यांत त्याच्या तिप्पट. ज्यास ‘फोर के’ म्हणतात त्या महाग कॅमेऱ्यांत आडवे ३८४० बिंदु असतात खरे. पण त्यास २.८ चें भिंग असल्यास ते १० मीटरवर सुमारें १७ मीटर रुंदींत वांटले जाऊन मीटरास सव्वादोनशेंच उरतात. म्हणजे योग्य भिंगाचा साधा कॅमेरा अयोग्य भिंगाच्या महाग कॅमेऱ्यास दुपटीनें मागें टाकतो. शिवाय एवढ्याशा पट्टीवर बिंदु जितके दाटीनें बसवावे तितका प्रत्येकाच्या वांट्यास उजेड कमी येतो, आणि आपलें काम तर मुख्यतः रात्रींचें आहे.

अरुंद देखाव्याचा दोष हा कीं जनावर त्याच चार मीटरांतून गेलें पाहिजे. म्हणून जनावराची वाट आधीं शोधावी: कुंपणांतील भोंक, पाणंदीचें तोंड, पाण्याची डोणी. वाट निश्चित नसेल तर ज्याचें भिंग २.८ पासून १२ पर्यंत सरकवितां येतें असा कॅमेरा घ्यावा. त्यास किंमत थोडी अधिक पडते. पण पहिल्या आठवड्यांत रुंद पाहून वाट ठरवितां येते व मग देखावा आंवळून घेतां येतो.

रात्रींचा उजेड

रानचीं बहुतेक जनावरें रात्रीं फिरतात. अंधारांत हे कॅमेरे डोळ्यांस न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या किरणांचे दिवे लावतात व चित्र काळेंपांढरें देतात. या दिव्यांच्या दोन जाती आहेत. ८५० आंकड्याच्या दिव्याचा प्रकाश लांब जातो, परंतु समोरून पाहिल्यास विझत्या निखाऱ्यासारखे मंद ठिपके दिसतात. ९४० आंकड्याचा दिवा माणसास मुळींच दिसत नाहीं. पण त्याची पोंच बरीच कमी असते. अंगणांत येणाऱ्या जनावरांस माणसाच्या दिव्यांची संवय झालेली असते, म्हणून घराजवळ पहिली जात चालते. पाणवठ्यावरील बुजऱ्या जनावरांसाठीं दुसरी घ्यावी व कॅमेरा जवळ न्यावा.

रात्रींहि रंगीत चित्र देतों म्हणून जे कॅमेरे विकले जातात, त्यांतील पुष्कळ रात्रभर पांढरा दिवा पेटता ठेवतात. चोरास त्याची दहशत बसत असेल; पण ज्या जनावरास त्याच्या चालीनें चालतांना पाहावयाचें, त्याच्या तोंडावर दिवा धरणें म्हणजे पाहणें नव्हे, हांकलणें होय.

दिव्यापाशीं किडे जमतात, किड्यांसाठीं कोळी जाळें विणतो, आणि तें जाळें भिंगासमोर चांदीसारखें चमकतें. यावर उत्तम उपाय हा कीं कॅमेऱ्यांतील दिवे बंद ठेवावे व त्याच जातीचा वेगळा दिवा दोन-तीन मीटर दूर लावावा. तशी सोय असलेला कॅमेरा पसंत करावा. हें न जमल्यास आठवड्यास एकदां मऊ फडक्यानें जाळें काढावें. भिंगासमोर हातभर अंतरांत भिंत, फांदी वा पान नसावें. नाहीं तर उजेड तेथेंच आपटून पलीकडे सर्व काळोख होतो.

तार, वीज व बिनतारी

जमत असेल तेथें तारच घ्यावी. एकाच तारेंतून वीज व चित्र दोन्ही नेण्याची पद्धत २००३ सालीं प्रमाण ठरली व आतां सर्वत्र मिळते. तिची मर्यादा १०० मीटर. तार नळींतून न्यावी व जमिनींत पुरावी. उघड्या तारेस उंदीर, घूस व खार सोडीत नाहींत. घरांतील जोडयंत्रास इन्व्हर्टरची वीज द्यावी. पुष्कळ ठिकाणीं शेतपंपाची वीज पाळीपाळीनें मिळते. त्या तारेवर कॅमेऱ्याचा भरंवसा ठेवूं नये. वळवाच्या दिवसांत उघड्या रानांतील लांब तारेंतून विजेचा धक्का घरांत येण्याचें भय असतें, म्हणून धक्कारोधक व उत्तम अर्थिंग यांत काटकसर करूं नये.

बिनतारी जोडणी भिंतीलगतच्या कॅमेऱ्यास पुरते. मधें उभा ऊस किंवा भिजलेलीं झाडें आलीं कीं ती लंगडी पडते. उन्हाळ्यांत चाललेला कॅमेरा श्रावणांत मुका झाला, अशी तक्रार यामुळेंच होते. सिमकार्डाचा कॅमेरा घ्यावयाचा असल्यास आधीं आपला फोन त्याच जागीं, त्याच उंचीवर धरून जाळें पोंचतें कीं नाहीं पाहावें. आणि हा हिशेब करावा: दर सेकंदास २ मेगाबिट या माफक वेगानेंहि तासास ०.९ गिगाबाइट खर्च होतो. रोज २ गिगाबाइट मिळत असतील तर सव्वादोन तासांत संपतील. म्हणून असा कॅमेरा सतत पाहण्यास नव्हे, सूचना आल्यावर उघडून पाहण्यास घ्यावा.

साठवणीचाहि हिशेब हाच. त्याच वेगानें दिवसाचे २१.६ गिगाबाइट होतात. १२८ च्या कार्डांत सहा दिवसहि पुरते मावत नाहींत व जुनें पुसलें जातें. जें चित्र ठेवावयाचें तें त्याच आठवड्यांत उतरून घ्यावें. कार्ड अखंड लेखनासाठीं केलेलें असावें. फोनांतील जुनें कार्ड लवकर मरतें.

हालचालीची सूचना

जनावर आल्याची सूचना कॅमेरा दोन रीतींनीं देतो. एका रीतींत तो चित्रांतील बदल पाहतो. त्यामुळें वाऱ्यानें हललेलें गवतहि त्यास चोर वाटतें. दुसऱ्या रीतींत तो ऊब ओळखतो. सौर पट्टीवर व बॅटरीवर चालणारे कॅमेरे बहुधा दुसऱ्या रीतीचे असतात. भोंवतालची हवा जनावराच्या अंगाइतकी तापली म्हणजे ते फसतात. वैशाखांतील दुपारीं असें होतें. शिवाय ते जागे होईपर्यंत चपळ जनावर निघून जातें.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीं. नवे कॅमेरे माणूस व वाहन ओळखून केवळ त्यांचीच सूचना देतात, व बाकीचें सर्व निरर्थक म्हणून टाकून देतात. त्यांच्या हिशेबीं बिबट्याहि निरर्थक असतो! ही चाळणी बंद करतां येते काय, किंवा तींत प्राण्यांसाठीं वेगळी खूण आहे काय, हें विकत घेण्यापूर्वीं दुकानांतच पाहून घ्यावें.

पाऊस, धूळ व परवलीचा शब्द

कॅमेऱ्याच्या वेष्टनावर आय्. पी. ६६ किंवा ६७ असा आंकडा असावा. या आय्. पी. चा जाळ्याशीं संबंध नाहीं. पहिला ६ हा धूळ मुळींच शिरत नाहीं याची खूण, व पुढचा आंकडा पाण्यापासूनच्या संरक्षणाची. ६ म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोसतो, ७ म्हणजे थोडा वेळ बुडालेलाहि टिकतो. पाणी बहुधा कॅमेऱ्यांत नव्हे, तारेच्या जोडांत शिरतें. तो जोड बंद पेटींत ठेवावा.

निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे व साठवणयंत्रें एकमेकांशीं बोलावीत म्हणून २००८ सालीं ऑनव्हिफ या नांवाची संस्था निघाली. तिचें प्रमाण पाळणारा कॅमेरा घेतल्यास आपण एकाच कंपनीच्या दावणीस बांधले जात नाहीं. भारतांत विकावयाच्या अशा कॅमेऱ्यांस सुरक्षिततेच्या चांचण्या एप्रिल २०२५ पासून सक्तीच्या झाल्या आहेत. बिनपावतीचा जुना माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊं नये. कॅमेरा लावतांच त्याचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. २०१६ सालीं मिराई नांवाच्या दुष्ट आज्ञावलीनें कारखान्यांतले शब्द तसेच ठेवलेलीं अशीं लक्षावधि यंत्रें ताब्यांत घेतलीं, त्यांत कॅमेरे पुष्कळ होते. आपलें अंगण दुसऱ्यानें पाहूं नये एवढ्यासाठीं तरी हें करावें.

कोठें बसवावा?

जमिनीवरच्या जनावरांसाठीं कॅमेरा गुडघ्यापासून कंबरेइतक्या उंचीवर असावा. वरून पाहिल्यास सर्व जनावरांच्या पाठी सारख्या दिसतात. बाजूनें पाहिल्यास पाय, शेपूट व चाल यांवरून ओळख पटते. बिबट्याचे ठिपके तर प्रत्येकाचे निराळे असतात व बाजूच्या चित्रावरून एक दुसऱ्यापासून वेगळा ओळखतां येतो. भिंगाचें तोंड शक्यतों उत्तरेस असावें, म्हणजे ऊन त्यांत शिरत नाहीं. शेजाऱ्याचें अंगण, न्हाणी किंवा रस्ता चित्रांत येऊं देऊं नये. रानमांजर पाहण्याच्या नादांत भाऊबंदकीचा नवा दावा उभा करूं नये. आणि जनावर यावें म्हणून मांस, उष्टें वा दाणे टाकूं नयेत. आमिषास आलेलें जनावर आपल्या घरास आपलें घर समजूं लागतें.

जें दिसलें त्याचें काय करावें?

आम्हीं दुसरा, साधा कॅमेरा घेतला व तो गोठ्याच्या खांबास कंबरेइतक्या उंचीवर, खुराड्याकडे तोंड करून बसविला. तिसऱ्या रात्रीं चोर दिसला. तें रानमांजर होतें. खुराड्याच्या दाराखालच्या चार बोटांच्या फटींतून आंत शिरत होतें. फटीवर जाळी ठोकली व कोंबड्या जाण्याचें थांबलें. मुलें पुन्हां ओट्याखालीं उतरूं लागलीं आणि बिबट्याच्या नांवानें घरांत थट्टा होऊं लागली.

त्यानंतर बाराव्या रात्रीं, दोन वाजून वीस मिनिटांनीं, त्याच चित्रांतून बिबट्या गेला. खुराड्याकडे त्यानें मान देखील वळविली नाहीं. कोंबड्यांच्या बाबतींत तो निर्दोष होता; पण गोठा व विहीर यांमधील ज्या वाटेनें तो गेला, त्याच वाटेनें आमच्या घरचीं माणसें पहांटेच्या अंधारांत रोज जात होतीं.

अशा वेळीं घाबरूं नये व फुशारकीहि मारूं नये. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्याच्या बागायती भागांत कॅमेऱ्यांनीं केलेली मोजणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दाट लोकवस्तीच्या त्या शेतीप्रदेशांत १०० चौरस किलोमीटरांस सुमारें पांच मोठे बिबटे आढळले. तेथील त्यांच्या खाण्याच्या दुसऱ्या अभ्यासांत पाळीव कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के निघाला. म्हणजे बिबट्या दिसला तर तो नवीनच आला असें नव्हे. तो पूर्वींहि येत होता, आपण पाहात नव्हतों. आणि त्यास वस्तीवर ओढणारी गोष्ट बहुधा अंगणांत मोकळा निजलेला कुत्रा ही असते.

आम्हीं कुत्रा रात्रीं आंत घेतला, गोठ्यास दार लावलें, विहिरीच्या वाटेवर दिवा घातला, वाटेकडेचें गवत कापलें आणि उजाडल्याखेरीज एकट्यानें व मुलानें त्या वाटेनें जाऊं नये असा नियम केला. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळविलें. चित्र गांवभर फोनवरून फिरविलें नाहीं. त्यानें जमाव जमतो, आणि जमावांत सांपडलेला बिबट्या व माणूस दोघेहि धोक्यांत येतात. फांस, विष किंवा कुंपणांत सोडलेली वीज यांचा विचारहि करूं नये. १९७२ च्या कायद्यानें वन्यप्राण्यांविरुद्ध त्यांचा वापर गुन्हा आहे, आणि तशा तारेनें शेतकऱ्यांचेच जीव गेले आहेत. पिकाचें अगर जनावराचें नुकसान झाल्यास ताबडतोब वनखात्याकडे अर्ज करावा. वेळेची नोंद असलेलें चित्र त्यास बळ देतें, पण पंचनाम्याची जागा घेत नाहीं. म्हणून कॅमेऱ्याचें घड्याळ बरोबर ठेवावें.

त्या बिबट्यास आम्हीं पुढें आणखी दोनदां पाहिलें. तो आपल्या वाटेनें गेला, आम्हीं आमच्या वाटेस सांभाळून राहिलों. गडी आतां पुन्हां धारा काढावयास येतो, मात्र अर्धा तास उशिरां. कॅमेरा राखण करीत नाहीं. राखण माणसालाच करावी लागते. तो फक्त कोठें भ्यावें व कोठें भिऊं नये एवढें सांगतो. तें नीट सांगणारा कॅमेरा घेण्यासाठीं आधीं जनावराची वाट पाहावी, मग अंतर मोजावें, मग भिंग ठरवावें, त्यानंतर रात्रींचा दिवा व तारेची सोय पाहावी, आणि बिंदूंचा व किंमतीचा प्रश्न सर्वांच्या शेवटीं विचारावा. या क्रमानें गेल्यास आमच्याप्रमाणें महिनाभर पाकोळ्या पाहण्याची पाळी वाचकांवर येणार नाहीं.